स्कूटरवरून मोटरसायकलवर येताना: गाडी दहाच्या स्पीडला बघून निवडा

एका ताईंनी विचारलंय. त्या नाशिकला जेलरोडला राहतात, सातपूरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करतात. नऊ वर्षं ११० सीसीची स्कूटर चालवली. उंची पाच फूट तीन इंच. रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात आणि आठवड्यातून एकदा सासूबाईंना मागे बसवून बाजार. खड्ड्यांनी कंबर धरली म्हणून आता छोटी मोटरसायकल घ्यायची म्हणतात. भाऊ सांगतो १२५ घे, मिस्टर म्हणतात घ्यायचीच तर १६० घे, शोरूमवाला मायलेजच्या गाडीकडे बोट दाखवतो. कोणाचं ऐकायचं?

ताई, सिडकोत माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी मी गिअरची गाडीही शिकवतो आणि शिकायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक तुमच्यासारखेच असतात, वर्षानुवर्षं स्कूटर चालवलेले. त्यांना बघून माझं एक मत पक्कं झालंय. शहरात चालवायची गाडी साठच्या स्पीडला कशी पळते यावर निवडू नये, दहाच्या स्पीडला कशी वागते यावर निवडावी. तुमचा रस्ता मला पाठ आहे. जेलरोडवरून पुणे रोडला लागायचं, द्वारका, मुंबई नाका, मायको सर्कल, मग त्र्यंबक रोडने सातपूर. यात साठने गाडी पळवायला मिळते ती कितीशी? द्वारकेला आग्रा रोड आणि पुणे रोड एकमेकांत घुसतात, तिथे संध्याकाळी पाच पावलं पुढे जायचं, थांबायचं, पाय टेकायचा, पुन्हा पाच पावलं. तिथे जी गाडी तुम्हाला दमवत नाही आणि घाबरवत नाही, ती तुमची.

पण गाडीच्या नावाआधी तुमच्या डाव्या हाताबद्दल बोलायला हवं. नऊ वर्षं त्या हाताला एकच सवय आहे, समोर काही आलं की आवळायचं. स्कूटरला तो मागचा ब्रेक. २०१९ नंतरची स्कूटर असेल तर तिला सीबीएस आहे, म्हणजे तोच लिव्हर मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लावतो. मोटरसायकलला बरोबर त्याच जागी क्लच असतो. दचकून तुम्ही तो आवळलात की इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटतो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी होऊन पुढे सरकते. उतारावर असाल तर वेग उलट वाढतो. स्कूटरवाल्यांचे पहिल्या महिन्यातले जे अपघात माझ्यापर्यंत आले, त्यात हे कारण बाकी कुठल्याही कारणापेक्षा जास्त वेळा निघालं.

माझ्या धाकट्या बहिणीला मी स्वतः शिकवलं. चार दिवसांत गिअर टाकायला शिकली, गल्लीत छान चालवायला लागली. पाचव्या दिवशी समोर एका पोराचा बॉल आला. तिने डाव्या हाताने सगळा जोर लावला आणि ओरडली, "दादा, ब्रेक लागत नाहीये!" गाडी तशीच दहा-बारा फूट गेली आणि कडेच्या हातगाडीवर आदळली. वेग कमी होता म्हणून गुडघा फुटण्यावर भागलं. चूक तिची नव्हती, माझी होती. मी तिला आधी गिअर शिकवले आणि ब्रेक येतोच म्हणून सोडून दिला. तेव्हापासून मी क्रम बदलला. पहिल्या दिवशी इंजिन चालूच करायचं नाही. गाडी न्यूट्रलला, तुम्ही वर बसलेल्या, मागून कोणीतरी ढकलतंय, आणि तुम्ही फक्त उजव्या पायाने आणि उजव्या हाताने थांबायचं. डावा हात मूठ धरून नुसता हँडलवर, लिव्हरवर बोट ठेवायचं नाही. असं चाळीस-पन्नास वेळा करा. कंटाळा येतो, पण पायाला ती जागा सापडते. मग क्लच.

क्लचही घाईने शिकायची गोष्ट नाही. पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका आणि क्लच केसाकेसाने सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि सीटखाली गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवतं. तिथेच बोटं थांबवा. गाडी रेस न देता चालण्याच्या वेगाने पुढे जाईल. ही जागा बोटांना पाठ झाली की द्वारका अर्धी जिंकली, कारण कोंडीत गाडी रेसवर नाही, या जागेवर चालवायची असते.

गाडीची निवड इथूनच सुरू होते. ज्या गाडीचं इंजिन खालच्या आरपीएमला, म्हणजे हळू फिरत असतानाही, चांगलं ओढतं, क्लच हलका आहे आणि वजन कमी आहे, ती रेस न देता शांत सरकते आणि बंद पडत नाही. नवशिक्या हाताला ती माफ करते.

वजनाचं बघू. तुमची स्कूटर शंभर-एकशेदहा किलोची आहे आणि तिचं वजन खाली असतं. मोटरसायकलचं वजन वर, टाकीपाशी असतं, त्यामुळे तेवढेच किलो जास्त वाटतात. होंडा शाइन १०० फक्त ९९ किलोची आहे. स्प्लेंडर प्लस ११२ च्या आसपास, होंडाचीच एसपी १२५ एकशेसोळा-सतरा, टीव्हीएस रायडर १२३, हीरोची एक्स्ट्रीम १२५ आर १३६. मिस्टरांनी सुचवलेल्या १६० च्या गाड्या एकशेचाळीसच्या घरात जातात. रस्त्यावर चालताना हा फरक कळत नाही. पार्किंगमधून गाडी मागे काढताना कळतो, उतारावर उजव्या पायाने ब्रेक दाबून डाव्या पायावर उभं राहताना कळतो आणि पावसात चिखलावर पाय सरकला की फार नीट कळतो.

उंचीबाबत लोक फसतात. सीटच्या उंचीचे आकडे बहुतेक छोट्या गाड्यांचे जवळजवळ सारखेच आहेत. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, रायडर ७८०, एसपी १२५ सातशेनव्वद. आकडे बघून वाटतं, काहीही घेतलं तरी तेच. पण सीट पुढे, टाकीजवळ किती रुंद आहे यावर पाय किती पोचतो ते ठरतं. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि दोन इंच तिथेच जातात. म्हणून आकडा विसरा आणि गाडीवर बसा, रोज कामावर जाताना घालता तेच बूट-चप्पल घालून. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले आणि एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण सपाट टेकला की पुरे. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असा हट्ट नको. बजाज प्लॅटिना ११० मऊ सीटची, आरामाची गाडी आहे, कंबरेला बरी. पण सीट ८०७ मिलिमीटरवर आहे, तुमच्या उंचीला ती द्वारकेत त्रास देईल. सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ तर ८२५ वर आहे. तिचा विचारच नको.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. खड्डे. तुमच्या स्कूटरचं मागचं चाक दहा इंची आहे. दहा इंची चाक खड्ड्यात पडतं आणि पलीकडच्या कडेवर आपटतं. सतरा-अठरा इंची चाक त्याच खड्ड्यावरून बऱ्याच अंशी लोळत जातं. दुसरं, स्कूटरचं इंजिन मागच्या चाकालाच जोडलेलं असतं, चाकाबरोबर तेही वरखाली उडतं. इतकं वजन एकट्या शॉकअपला आवरत नाही, म्हणून दणका थेट कंबरेत येतो. मोटरसायकलला इंजिन मधे, चेसिसला बांधलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात ठिकठिकाणी रस्ते उकरले आहेत, अशा वेळी या दोन गोष्टींचा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. तुमचं कारण शंभर टक्के खरं आहे. फक्त एक सांगून ठेवतो. गिअर-क्लचची धास्ती जात नसेल तर दोन्ही चाकं बारा इंची असलेली स्कूटरही मिळते, टीव्हीएस ज्युपिटर आहे तशी. मोटरसायकलइतका फरक पडणार नाही, पण पडेल. त्यात कमीपणा काही नाही.

मायलेजसाठी मात्र गाडी बदलू नका. हिशोब करा. तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. स्कूटर पंचेचाळीसचं ॲव्हरेज देत असेल तर साडेसोळा-सतरा लिटर. शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल साठ देईल, तर साडेबारा लिटर. चार लिटरचा फरक, पेट्रोल शंभरीच्या थोडं पुढे धरलं तरी महिन्याला चारशे-सव्वाचारशे रुपये. त्यातले काही चेनमध्ये जातील. नवी गाडी या पैशातून फिटायला बरीच वर्षं लागतील. शोरूममध्ये ॲव्हरेजचा आकडा तोंडावर फेकतात, त्याला भुलून ज्या गाडीवर पाय पोचत नाही ती घेऊ नका.

आता नावं. शंभर सीसीची की सव्वाशेची? जेलरोड ते जवळचा बिटको चौक एवढाच प्रवास असता तर मी डोळे मिटून शाइन १०० किंवा स्प्लेंडर सांगितली असती. हलकी, सरळ, कुठल्याही गल्लीत पार्ट मिळणारी. पण तुमचं अंतर तीस किलोमीटर आहे आणि मागे सासूबाई बसणार आहेत. शंभरच्या गाडीची ओढ आठ न्यूटन-मीटरच्या आसपास, सव्वाशेची साडेदहा-अकराच्या आसपास. हा फरक टॉप स्पीडमध्ये नाही, दुसऱ्या गिअरमध्ये आहे. मागे माणूस, समोर चढ, पुढचा रिक्षावाला अचानक थांबला, तुम्ही गिअर कमी करायला विसरलात, तरी सव्वाशेची गाडी कुरकुरत का होईना निघते. शंभरची बंद पडते आणि मागचे हॉर्न सुरू होतात. हॉर्न सुरू झाले की नवशिक्या माणसाचा हात क्लच पटकन सोडतो, गाडी उडी मारते. म्हणून तुमच्यासाठी सव्वाशे.

सव्वाशेत माझ्या मते तुम्ही तीन गाड्या बघाव्यात. शाइन १२५, एसपी १२५ आणि रायडर. तिन्हींना पाच गिअर आहेत, तिन्ही शांत सरकतात. शाइन सगळ्यांत साधी आणि सरळ बसायची. सीट सपाट असल्याने सासूबाईंना एका बाजूला बसायला तीच बरी. रायडर चपळ आहे, पिकअपला तिघींत पुढे, पण वजन थोडं जास्त. एसपी मधली. डिस्क ब्रेकचं मॉडेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. १२५ सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे आणि मोटरसायकलचं सीबीएस उजव्या पायाच्या ब्रेकशी जोडलेलं असतं. पाय दाबला की पुढचाही थोडा लागतो. स्कूटरवरून आलेल्या माणसाला हे फार उपयोगाचं आहे, कारण घाबरल्यावर उजव्या हाताचं आधी भानच राहत नाही. १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे हे खरं, मिस्टरांच्या बाजूने तेवढा एक मुद्दा जातो. पण पहिली मोटरसायकल, ही उंची आणि रोजची द्वारका, यात १६० चं वजन तुम्हाला थकवेल. दोन वर्षांनी हात बसल्यावर खुशाल घ्या.

गिअरचा पॅटर्न विचारायला विसरू नका. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना सगळे गिअर पुढे दाबून पडतात. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. दोन्ही बरोबर आहेत, पण भावाच्या गाडीवर एक शिकायचा आणि आपल्या गाडीवर दुसरा चालवायचा असं झालं की ऐन सिग्नलला गोंधळ होतो. तुमच्या हातांच्या मापाचंही तसंच. क्लचच्या लिव्हरवर बोटांचं दुसरं पेर आरामात पोचतंय का ते बघा. टोकांनीच आवळावा लागत असेल तर मुंबई नाक्यापर्यंत मनगट भरून येईल.

स्कूटर सोडताना काय गमावणार तेही मनाशी धरा. पायापुढची जागा गेली, म्हणजे भाजीची पिशवी, पाच किलो कांदे, गॅरेजमधून आणलेलं ऑइल, सगळं गेलं. डिकी गेली, म्हणजे रेनकोट आणि डबा पाठीवर. आणि पुढचं पत्र्याचं आवरण गेलं, त्यामुळे पावसाळ्यात गुडघ्याखाली भिजणं आलं. बाजाराची स्कूटर विकू नका असं मी सांगेन, घरात दुसरं कोणी ती वापरत असेल तर. नाहीतर मागे एक बॉक्स लावून घ्या. पण तो सासूबाईंच्या पाठीला लागणार नाही असा.

चेनचं काम तुम्हाला नवीन असेल. स्कूटरला आत बेल्ट असतो, वर्षानुवर्षं झाकण उघडावं लागत नाही. मोटरसायकलची चेन दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे तुमच्या हिशोबाने महिन्यात एकदा-दोनदा, पुसून तेल मागते. पावसाळ्यात त्याहून लवकर. मधोमध बोटाने वरखाली केली तर इंचभर हलली पाहिजे. जास्त हलली तर ताणून घ्या, अजिबात हलली नाही तर तीही चूक, बेअरिंग खाते. पूर्ण बंद चेनकव्हर असलेली गाडी मिळाली तर चिखलाची निम्मी कटकट वाचते आणि कपडेही.

कपड्यांवरून एक अगदी पोटतिडकीने सांगतो. ओढणी. स्कूटरवर मागचं चाक बरंचसं झाकलेलं असतं. मोटरसायकलवर चाकही उघडं, चेनही उघडी. ओढणी मागे सोडून गाडी चालवायची नाही, पुढून क्रॉस घेऊन कमरेला गाठ मारायची किंवा वरून जॅकेट घालायचं. सासूबाईंच्या पदराचंही तेच, पदर मांडीखाली दाबून बसायचं. साडीगार्ड कायद्यानेच असतो. काही जण दिसायला बरं म्हणून काढून टाकतात, तुम्ही काढू देऊ नका. आणि पायात बंद बूट हवेत. चपलेच्या अंगठ्याने गिअर वर घेत राहिलात तर आठवड्यात अंगठा सुजेल.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे तुम्हाला कोणी सांगितलं नसावं. तुमचं लायसन्स काढून बघा. स्कूटरवर टेस्ट दिली असेल तर त्यावर बहुतेक एमसीडब्ल्यूओजी असेल, म्हणजे विनागिअर. त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. एमसीडब्ल्यूजी लागतं. पकडलं तर कायद्यात दंड ५,००० रुपये आहे, पण मला चिंता दंडाची नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा याच कारणावर अडतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर जुन्या लायसन्सवर नवीन वर्ग वाढवायचा अर्ज करा. शिकाऊ लायसन्स मिळेल, ते सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पेठ रोडच्या आरटीओत टेस्ट द्या. शिकाऊ असताना मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही बसवायला परवानगी नाही, म्हणजे सासूबाईंना तो महिना रिक्षा. हा अर्ज गाडी बुक करण्याआधी करा, नंतर नाही.

आणि त्या महिन्यात नवी गाडी घेऊच नका. भावाकडे जुनी स्प्लेंडर आहे असं तुम्ही लिहिलंय, तीच मागून घ्या. तिचा गिअर वेगळा पडेल, पण क्लच आणि उजव्या पायाचा ब्रेक यांची सवय तीच आहे, आणि जुन्या गाडीवर एक ओरखडा आला तर काळीज हलत नाही. पहिला आठवडा तपोवनाच्या बाजूला सकाळी सहाला. दुसरा आठवडा जेलरोडच्या आतल्या कॉलन्यांमधून, थांबा-निघा, थांबा-निघा. तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या सकाळी कामाचा पूर्ण रस्ता एकदा करून या, रस्ता मोकळा असताना. चौथ्यात कामाच्या दिवशी. या क्रमाने गेलेल्या माणसाला मी अजून द्वारकेत रडताना बघितलेलं नाही.

शोरूममध्ये टेस्ट राइड पाच मिनिटांची देतात, एका सरळ रस्त्यावर पुढे-मागे. तेवढ्यावर होय म्हणू नका. तोपर्यंत शिकाऊ लायसन्स हातात असेल, भावाला सोबत न्या आणि तीन गोष्टी करून बघा. अरुंद रस्त्यात यू-टर्न, पाय न टेकता. चढावर थांबून पुन्हा निघणं. आणि गाडी बंद करून मेन स्टँडवर लावणं, काढणं, एकटीने, कोणी हात न लावता. तिसरी गोष्ट कोणी करत नाही आणि घरी आल्यावर रोज तीच करायची असते.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे कोणी जुना दर सांगत असेल तर नव्या दराचा कागद मागा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे, पण विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्ज किंवा तुम्ही न मागितलेल्या ॲक्सेसरीज दिसल्या तर त्या ओळीवर बोट ठेवून विचारा. बहुतेक वेळा विचारल्यावर ती ओळ जाते.

गाडी आल्यावर पहिले पाचशे किलोमीटर जोरात पळवू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, पहिली सर्व्हिस वेळेवर करा आणि तेव्हा क्लचची केबल तुमच्या हाताला बसेल तशी सैल-घट्ट करून मागा. मेकॅनिकला सांगा, "माझा हात लहान आहे, मी स्कूटरवरून आलेय." दोन मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कोणी करत नाही. सिडकोकडे येणं झालं तर माझ्याकडे या, मी करून देईन.